शंभर मालकांचा कामगार

महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९ हा भारतातल्या कामगार कायद्यांमध्ये एक निराळा कायदा आहे. बाकीचे बहुतेक कायदे आधी मालक शोधतात आणि मग त्याच्यावर जबाबदारी टाकतात. हा कायदा ज्यांच्यासाठी झाला त्या कामगारांना बोट दाखवता येईल असा एक मालकच नव्हता. सकाळी एका पेढीवर साखरेची पोती उतरवायची, दुपारी शेजारच्या गाळ्यात तांदळाची थप्पी लावायची, संध्याकाळी तिसऱ्याच व्यापाऱ्याचा ट्रक भरून द्यायचा. हे ज्याचे रोजचे काम, त्याने भविष्य निर्वाह निधी कोणाकडे मागायचा, रजा कोणाकडून मंजूर करून घ्यायची आणि पाठीचा मणका गेला तर भरपाईसाठी कोणाच्या दारात उभे राहायचे? कारखान्याबाहेरच्या श्रमाला संरक्षण देताना जगभरच्या धोरणकर्त्यांना हाच प्रश्न अडवतो. महाराष्ट्राने त्याचे एक उत्तर पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी शोधले. ते पुरते यशस्वी झाले असे म्हणता येत नाही, पण देशात या प्रश्नाला दिलेल्या उत्तरांमध्ये ते सर्वांत विचारपूर्वक दिलेले आहे.

मुंबईचा घाऊक व्यापार बंदराच्या कडेने वाढला. मस्जिद बंदर, दाणा बंदर, भात बाजार, लोखंड बाजार, कापडाची मार्केटे, दारुखान्यातल्या लाकडाच्या वखारी आणि भायखळ्याचा भाजीबाजार या सगळ्या ठिकाणी माल डोक्यावरून आणि पाठीवरून हलत असे. तो हलवणारे बहुतेक जण सातारा, सांगली आणि पुणे जिल्ह्यांच्या डोंगरी, कोरडवाहू तालुक्यांतून आलेले होते. गिरणीत शिरायला ओळख लागे, थोडेफार कसब लागे. बाजारात अंगात ताकद आणि टोळीत गाववाला असला की पुरे. शंभर किलोचे पोते ही तेव्हा नेहमीची गोष्ट होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहून न्यायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे. म्हणजे बाजारातला हमाल दिवसभर जवळजवळ दुप्पट ओझे घेऊन फळीवरून चढ-उतार करत होता.

काम टोळीने होई. टोळीचा मुखिया मुकादम किंवा टोळीवाला. व्यापाऱ्याशी बोलणे त्याचे, पैसे घेणे त्याचे आणि वाटे पाडणेही त्याचेच. मजुरी नगावर किंवा वजनावर ठरे. गाडी आली तर काम, नाही तर गाळ्याच्या पायरीवर बसून वाट पाहायची. पावसाळ्यात आवक घटली की कमाई घटे. मुकादमाने किती घेतले आणि किती वाटले याचा कागद नसे. व्यापाऱ्याला हे सोयीचे होते, कारण त्याच्या वहीत हमाल हा नोकर म्हणून येतच नव्हता. तो ‘हमाली’ या खर्चाच्या रकान्यात येई.

अशा माणसांपुढे कायद्यांची रांग उभी होती, पण ती बाहेरूनच जात होती. कारखाने अधिनियमाला ठरावीक जागा हवी. हा माणूस उघड्यावर, रस्त्यावर काम करी. औद्योगिक विवाद अधिनियमाला मालक आणि कामगार असे नाते हवे. इथे नाते रोज बदलत होते. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याला एका आस्थापनेत ठरावीक संख्येने माणसे हवीत. पेढीवर दोन गुमास्ते आणि एक दिवाणजी. संघटना बांधली तरी संप कोणाविरुद्ध करायचा हा पेच होताच. एका टोळीने हात वर केले तर व्यापारी शेजारची टोळी बोलावी. त्यामुळे बाजारातल्या संघटनेला मालकाशी भांडण्याआधी टोळ्यांनी एकमेकींच्या कामावर जायचे नाही हे ठरवून घ्यावे लागले. गिरणीतल्या युनियनला हे काम इतक्या मुळापासून करावे लागत नव्हते, कारण तिथे दरवाजा एकच होता.

मुंबईत हे काम प्रामुख्याने अण्णासाहेब पाटलांनी केले. ते मूळचे साताऱ्याच्या पाटण तालुक्यातले. मुंबईत त्यांनी स्वतः अंगमेहनत केली होती, आणि ज्यांना संघटित करायचे ते बहुतेक त्यांच्याच मुलखातले होते. गाव, भावकी आणि टोळी ही जी बांधणी आधीपासून होती तिच्यावरच त्यांनी युनियन उभी केली. बाजाराचे नाजूक ठिकाणही त्यांना माहीत होते: नाशवंत माल दोन दिवस पडून राहिला की व्यापारी बोलणी करायला येतो. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली ती वेगळ्या वळणाची, समाजवादी विचारांची होती. भुसार बाजारातल्या हमालांच्या दरांबरोबरच त्यांचे खाणे, घर आणि मुलांचे शिक्षण हेही पंचायतीचे विषय होते. ‘कष्टाची भाकर’ हे स्वस्त जेवणाचे केंद्र तिनेच १९७४ मध्ये सुरू केले. दोघांच्या राजकारणात फारसे साम्य नव्हते. अण्णासाहेब काँग्रेसबरोबर राहिले आणि पुढे मराठा समाजाच्या आरक्षणाच्या मागणीसाठी मार्च १९८२ मध्ये मोर्चा काढल्यानंतर त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. आढाव सत्तेच्या बाहेरच राहिले. पण अंगमेहनतीच्या कामाला वेगळा कायदा हवा, या मुद्द्यावर दोन्ही चळवळी एका ठिकाणी आल्या.

राज्य सरकारने १९६५ साली बृहन्मुंबईतल्या माथाडी, हमाल, मिठागर कामगार आणि जथ्याने काम करणाऱ्या इतर कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. समितीचा अहवाल १७ नोव्हेंबर १९६७ रोजी आला. त्याचा गाभा असा की हे लोक ठरावीक जागेत काम करत नाहीत, एकाच दिवशी अनेकांचे काम करतात, मुकादमामार्फत घेतले जातात आणि कामाचे प्रमाणही स्थिर नसते. म्हणून चालू कायद्यांत ठिगळे लावून भागणार नाही, स्वतंत्र कायदाच करावा लागेल. सरकारी समित्या सहसा इतके सरळ बोलत नाहीत.

नमुना हाताशी होता. गोदीतही जहाज लागले की काम आणि नाही तर उपास, अशीच स्थिती होती. त्यासाठी १९४८ साली केंद्राने गोदी कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा कायदा केला होता आणि त्याखाली मुंबईत गोदी कामगार मंडळ आले होते. कामगारांची नोंदवही ठेवायची, कामाचे वाटप मंडळाने करायचे आणि काम नसलेल्या दिवसाचाही काही विचार करायचा, ही पद्धत तिथे रुळली होती. माथाडी कायद्याने ती बंदराच्या भिंतीबाहेर बाजारात आणली.

कायद्याची रचना तशी साधी आहे. सोबतच्या अनुसूचीत कोणकोणत्या ठिकाणची अंगमेहनतीची कामे येतात ते दिले आहे: लोखंड व पोलाद बाजार, कापड बाजार, किराणा व भुसार बाजार, भाजीपाला व कांदा-बटाटा बाजार, रेल्वेचे मालधक्के, मालवाहतूक, कारखान्यांतली भरणी-उतरणी वगैरे. प्रत्येक धंद्यासाठी किंवा भागासाठी सरकार योजना जाहीर करते आणि मंडळ नेमते. मंडळावर मालकांचे, कामगारांचे आणि सरकारचे प्रतिनिधी असतात. व्यापारी मंडळाकडे मालक म्हणून नोंद करतो, कामगार आपल्या टोळीसह नोंद करतो. नोंद झाल्यावर व्यापाऱ्याने नोंदलेल्या टोळीकडूनच काम करून घ्यायचे आणि मजुरी टोळीच्या हातात न देता मंडळात भरायची.

मजुरीबरोबर व्यापाऱ्याने आणखी एक रक्कम भरायची असते, ती म्हणजे लेव्ही. या कायद्याचा सगळा प्राण लेव्हीत आहे. तिचा दर मंडळागणिक वेगळा असतो. ढोबळमानाने तो मजुरीच्या तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात राहिला आहे. समजा टोळीने दिवसभरात दहा पेढ्यांचे मिळून दहा हजार रुपयांचे काम केले आणि लेव्ही ३५ टक्के आहे. तर त्या दहा पेढ्या मिळून मंडळात तेरा हजार पाचशे रुपये भरतील. दहा हजारांची मजुरी टोळीतल्या माणसांमध्ये हजेरीप्रमाणे वाटून महिन्याला त्यांच्या बँक खात्यात जाईल. वरचे साडेतीन हजार भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, पगारी रजा, सणांच्या सुट्ट्या, औषधोपचार आणि मंडळाचा कारभार यांत विभागले जातील. कोणत्याही एका व्यापाऱ्यावर पूर्ण नोकराची जबाबदारी येत नाही. ज्याने जेवढे काम करून घेतले तेवढाच हिस्सा त्याचा. कामगाराच्या बाजूने मात्र हे सगळे हिस्से एका खात्यात जमा होतात आणि त्याला कायम नोकरदारासारखी शिल्लक दिसू लागते. हक्क मालकाला न चिकटवता कामाला चिकटवले, म्हणून हे साधले.

सत्तरच्या दशकात हमालाच्या नावे बँकेत खाते असणे ही गोष्ट आज वाटते तेवढी किरकोळ नव्हती. पैसे रोख मिळाले की त्याच रात्री खानावळ, मुकादमाची उधारी आणि व्याजबट्टा यांत बरेचसे संपत. महिन्याचा पगार, पगाराची पावती आणि ओळखपत्र आल्यावर पतपेढीतून कर्ज मिळू लागले, घरासाठी अर्ज करता येऊ लागला. मुंबईचे घाऊक बाजार पुढे १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत, वाशीला गेले आणि लोखंड बाजार कळंबोलीला. त्यांच्या मागोमाग माथाडीही गेले. कोपरखैरणे, घणसोली या भागांत माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या, कोपरखैरण्याला माथाडींचे रुग्णालय झाले. पेढीच्या ओट्यावर झोपणाऱ्या पिढीची मुले तिथल्या शाळा-कॉलेजांत शिकली. गावाकडे पाटण, जावळी, शिराळा या भागांत पक्की घरे बांधली गेली त्यांत या पगाराचा वाटा मोठा आहे.

दर मात्र मंडळ आपणहून वाढवत नाही. दरवाढीची बोलणी युनियन आणि व्यापाऱ्यांची संघटना यांच्यात होतात आणि करार झाला की मंडळ त्याची अंमलबजावणी करते. ज्या बाजारात युनियन बळकट, तिथे मंडळ कामाचे. जिथे ती नाही, तिथे त्याच कायद्याखालचे मंडळ नुसते कार्यालय. ग्रामीण जिल्ह्यांतल्या अनेक बाजारांत हमालांची नोंद झाली ती उशिरा आणि अर्धवट. निरीक्षक थोडे, व्यापारी शेकडो. काही ठिकाणी दहा पोत्यांचे काम करून दोन पोती दाखवायची आणि उरलेल्यांचे पैसे रोख द्यायचे, असा तिन्ही बाजूंच्या संगनमताचा रस्ता काढला गेला. त्या दिवशी कामगाराच्या हातात चार पैसे जास्त येतात, पण निधीत जायचे ते जात नाहीत.

न्यायालयांतही हा कायदा वारंवार गेला. त्याची घटनात्मक वैधता टिकली. वाद राहिला तो व्याप्तीवर. कायद्याची भाषा ‘असंरक्षित कामगार’ अशी आहे आणि तिची व्याख्या अंगमेहनतीच्या अनुसूचित कामात घेतलेला कोणताही श्रमजीवी, इतकी रुंद आहे. कारखानदारांचे म्हणणे असे की आमच्या आवारात माल भरणारे आमचे पगारी नोकर आहेत, त्यांना आधीच सगळे कायदे लागू आहेत, मग मंडळ कशाला? मुंबई उच्च न्यायालयाने ही भूमिका मान्य केली: थेट नोकरीत असलेल्या माणसाला असंरक्षित म्हणता येणार नाही. तर्काच्या दृष्टीने हे बरोबर आहे. व्यवहारात त्यातून एक पळवाट निघाली, कारण मालाची भरणी-उतरणी करणाऱ्यांना हजेरीपटावर थेट कामगार दाखवणे ही कंत्राटदारासाठी कागदाची बाब असते. हे लोक खरोखर थेट नोकरीत आहेत का, हे तपासायचे काम पुन्हा त्याच अपुऱ्या निरीक्षकांवर येते.

टीका मालकांकडूनच होते असे नाही. टोळीत जागा मर्यादित, आणि नोंदणीमुळे त्या जागेला किंमत आली. बाप निवृत्त झाला की मुलगा, नाही तर जावई किंवा भावकीतला कोणी, अशी जागा घरातच फिरू लागली. नोंदलेला कामगार स्वतः न येता दुसऱ्याला ‘बदली’ म्हणून पाठवतो आणि मजुरीतला हिस्सा ठेवतो, हा प्रकारही बाजारात सर्वांना ठाऊक आहे. हे बदली बहुतेकदा उत्तर भारतातून किंवा राज्याच्या मागास भागांतून आलेले असतात. पोते तेच उचलतात, पण निधी साठतो दुसऱ्याच्या नावावर. ज्या मुकादमीतून सोडवण्यासाठी कायदा झाला तिची ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल, आणि युनियनांनी याबद्दल कधी फार आवाज उठवलेला नाही. बायकांची गोष्ट तर याहून कडू. बाजारात धान्य निवडणे, कांदा-बटाटा प्रतवार करणे, सांडलेला माल झाडून गोळा करणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या बायका करत आल्या. कायद्याच्या शब्दांत त्यांना मज्जाव नाही, तरी टोळी म्हणजे पुरुषांची हे गृहीत धरल्याने नोंदवहीत त्यांची नावे फारच थोडी आली.

औद्योगिक पट्ट्यांत तिसरीच तक्रार आहे. पुणे, चाकण, रायगड या भागांतल्या कारखान्यांच्या दारात माथाडी नेते म्हणवणाऱ्या टोळक्यांनी येऊन, काम न करता मजुरीची मागणी करण्याच्या घटना वाढल्या आणि ‘बोगस माथाडी’ हा शब्द वर्तमानपत्रांत रुळला. त्यावर उपाय म्हणून २०२३ साली राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. खंडणीखोरांना आवर घालावा यावर युनियनांचे दुमत नव्हते. त्यांचा आक्षेप होता तो त्याच निमित्ताने कायद्याची व्याप्तीच आवळण्याला, विशेषतः यंत्राच्या मदतीने होणारे काम वगळण्याला. या आक्षेपांमुळे विधेयक विधिमंडळाच्या संयुक्त समितीकडे गेले. खंडणी हा फौजदारी गुन्हा आहे आणि त्यासाठी पोलीस आहेत. तिच्यावरचा इलाज कामगाराच्या व्याख्येत शोधावा हे पटण्यासारखे नाही.

यंत्राचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो विधेयकापुरता नाही. लोखंडाच्या कांबी आता क्रेनने उचलल्या जातात. बंदरात कंटेनर आल्यापासून पोत्यांची जहाजे जवळपास इतिहासजमा झाली. भिवंडीच्या गोदामांत फोर्कलिफ्ट आणि सरकते पट्टे आहेत. तिथला माणूस पेट्या उचलतो, स्कॅन करतो, रचतो आणि तो एखाद्या पुरवठादार कंपनीच्या पगारपत्रकावर असतो. त्यातच शेतमालाच्या व्यापाराचे धोरण बदलले. २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला. शेतकऱ्याला बाजाराबाहेर विकायचे स्वातंत्र्य मिळावे हा हेतू रास्तच होता, पण आवाराबाहेर झालेल्या विक्रीतली हमाली कोणत्याच मंडळाच्या वहीत येत नाही. माथाडी संघटनांनी अशा सुधारणांना सातत्याने विरोध केला त्यामागे जसा स्वतःच्या दरांचा हिशोब होता, तशीच ही भीतीही होती. शेतकरी संघटना त्यावर म्हणतात की हमाली, तोलाई आणि वाराई यांचा भार शेवटी शेतमालावरच पडतो, मग तो कोणत्याही खात्यात टाका. दोन्ही बाजूंना कष्टकरीच उभे आहेत, त्यामुळे या भांडणाचा निवाडा सोपा नाही.

माथाडी कायद्याचे अनुकरण बरेच झाले. केरळने १९७८ मध्ये डोक्यावरून ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी कायदा केला, तमिळनाडूने १९८२ मध्ये अंगमेहनतीच्या कामगारांसाठी. महाराष्ट्राने स्वतः १९८१ साली खाजगी सुरक्षारक्षकांसाठी त्याच साच्यातली मंडळे काढली. आजही मंडळाकडून आलेला सुरक्षारक्षक आणि खाजगी एजन्सीकडून आलेला रक्षक यांच्या पगारातला आणि रजेतला फरक एखाद्या सोसायटीच्या फाटकावर सहज विचारून कळतो. साचा अर्धाच उचलला तर काय होते याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. २००८ च्या कायद्याने घरकामगारांसाठी कल्याण मंडळ आले, पण घरमालकांकडून लेव्ही घ्यायची सक्ती त्यात नव्हती. मंडळाच्या हाती सरकारी अनुदानापलीकडे काही राहिले नाही आणि धुणे-भांडी करणाऱ्या बाईला ओळखपत्राच्या पुढे फारसे काही मिळाले नाही. बांधकाम मजुरांची स्थिती माथाडी आणि घरकामगार यांच्या मधली. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने बांधकामाच्या खर्चावर उपकर बसवला आणि राज्याराज्यांत मोठा निधी जमला. पण मंडळ मजुरी देत नाही, काम वाटत नाही, फक्त योजनांतून लाभ वाटते. त्यामुळे मजुराचा मुकादम जिथे होता तिथेच आहे.

अलीकडे ही चर्चा पुन्हा पेटली ती मोबाइलवरून काम घेणाऱ्यांमुळे. जेवण पोचवणारा किंवा टॅक्सी चालवणारा माणूस एका दिवसात दोन-तीन कंपन्यांचे काम करतो आणि कोणतीच कंपनी त्याला नोकर मानत नाही. दाणा बंदरातल्या हमालाचा पेच हाच होता. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी कायदे केले. दोन्हींत मंडळ आहे, कामगारांची नोंदणी आहे आणि प्रत्येक व्यवहारामागे कंपनीने भरायचे शुल्क आहे; कर्नाटकात ते कामगाराला दिलेल्या रकमेच्या एक ते पाच टक्क्यांच्या मर्यादेत आहे. केंद्राच्या सामाजिक सुरक्षा संहितेत हाच हिस्सा कंपनीच्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के धरला असून, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून तो जास्त होता कामा नये. माथाडी मंडळाच्या तीस-चाळीस टक्क्यांशेजारी हे आकडे ठेवले की अंतर कळते. इतक्या पैशात अपघात विमा आणि थोडे अर्थसाहाय्य होईल. पगारी रजा, बोनस आणि निवृत्तीची शिल्लक होणार नाही. शिवाय या मंडळांना मजुरीचा दर ठरवण्याचा अधिकार नाही आणि कोणाला काम द्यायचे, कोणाचे खाते बंद करायचे हा निर्णय कंपनीच्या संगणकाकडेच राहतो. कर्नाटकाच्या कायद्याने खाते बंद करण्यापूर्वी कारण द्यायची आणि तक्रार ऐकायची अट घातली आहे, तेवढाच काय तो अपवाद. लोखंड बाजारात आणि भुसार बाजारात दर ठरले ते मंडळ स्थापन झाले म्हणून नव्हे. मंडळाआधीच टोळ्यांनी एकमेकींचे काम न घेण्याचे ठरवले होते म्हणून. मोबाइलवर काम घेणाऱ्यांच्या संघटनांना नेमके हेच अजून जमलेले नाही, कारण त्यांना एकत्र बसायला पेढीची पायरीही नाही, आणि एकाने ऑर्डर नाकारली की ती काही सेकंदांत दुसऱ्याच्या फोनवर वाजते.